जुन्या गाडीचा पिकअप गेलाय? इंजिन उघडायच्या आधी हे तपासा

गाडी पूर्वीसारखी ओढत नाही अशी तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा निदानही सोबतच आणतो: "लाखाच्या वर किलोमीटर झालेत, इंजिन थकलं असणार." कधी कधी ते खरं निघतं. बऱ्याचदा निघत नाही. त्यामुळे आधी लक्षणं बघू. तुमच्या गाडीचं दुखणं यातलं नेमकं कोणतं, ते ठरवा.

- पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये निघणारा चढ आता दुसरा टाकल्याशिवाय निघत नाही.
- पेडल पूर्ण दाबलं तरी इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर जातच नाही, जणू कुणी मागून धरून ठेवलंय.
- रेस दिल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग झटका मारून गाडी पळते.
- इंजिनाचा आवाज चढतो, काटा चढतो, पण वेग वाढत नाही.
- गाडी मिसिंग मारते, म्हणजे मध्येच एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन जळत नाही, आणि उभी असताना थरथरते.
- रहदारीत काही जाणवत नाही. लांबच्या चढावर किंवा ओव्हरटेक करताना मात्र दम सुटतो.
- सायलेन्सरमधून काळा, निळा किंवा दाट पांढरा धूर येतो.
- डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. हे हळूहळू झालं की आठवड्याभरात? धातूची झीज वर्षानुवर्षं चालते. मागच्या रविवारपर्यंत नीट पळणारी गाडी या रविवारी चढावर थांबायला लागली, तर दोष वयाचा नाही, काहीतरी बिघडलंय.

मग इंजिन म्हातारं होतच नाही का?

होतं, पण फार सावकाश. पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरच्या भिंती, व्हॉल्व्हच्या बैठका घासत जातात. दाबलेली हवा थोडी थोडी खाली ऑइलच्या चेंबरमध्ये निसटते आणि तेवढा जोर कमी होतो. तरी वेळेवर ऑइल बदललेलं इंजिन लाख-दीड लाख किलोमीटरनंतर उघडलं, तर भिंतीवरच्या कारखान्यात काढलेल्या बारीक तिरक्या रेघा पुष्कळदा अजून दिसतात. अशा इंजिनाची गेलेली ताकद पायाला कळण्याइतकी नसते. पायाला कळते ती भोवतालच्या गोष्टींनी खाल्लेली ताकद: फिल्टर, प्लग, सेन्सर, पंप, एक्झॉस्ट, ब्रेक, क्लच. यातलं बहुतेक सगळं इंजिन न उघडता बदलता येतं.

काही वेळा तर दोष गाडीत नसतोच. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर गेलात, की टर्बो नसलेलं इंजिन साधारण दहा टक्के ताकद गमावतं, कारण तिथली हवा विरळ असते. भर उन्हाळ्यात एसी लावून पाच जण बसले की लहान इंजिनाची गाडी जड वाटणारच. सीएनजीवर पेट्रोल इंजिन कमी ओढतं, कारण सिलिंडरमध्ये हवेची काही जागा गॅसच अडवतो. सीएनजीची गाडी असेल तर आधी पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवर नीट पळाली तर शोध गॅसच्या किटपुरता उरतो. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, पण इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर त्या हिशेबाने इंधन जास्त सोडतो. त्यामुळे मिश्रित पेट्रोलचा फटका मायलेजला बसतो. पिकअपचा दोष त्याच्या माथी मारण्यात फारसा अर्थ नाही.

आधी मोजा

सपाट, मोकळा, बिनरहदारीचा रस्ता. तिसरा गिअर, एसी बंद. ४० पासून ८० पर्यंत जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याला मोजायला सांगा. वेगमर्यादा आड येत असेल तर ३० ते ६० घ्या. एकदा जाताना, एकदा येताना, म्हणजे वारा आणि बारीक उतार यांचा हिशेब फिटतो. आकडा लिहून ठेवा आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर पुन्हा मोजा. नाहीतर नवा फिल्टर टाकला की गाडी पळायला लागतेच, निदान मालकाच्या मनात.

हत्यार न लावता होणाऱ्या तपासण्या

टायरमधली हवा थंड टायरवर बघा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर गिअरिंगच बदललेलं असतं, मग पिकअप कमी वाटणारच.

मग ब्रेक. दहा-पंधरा मिनिटं शक्य तितका कमी ब्रेक वापरून गाडी चालवा, थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या. लावू नका, फक्त जवळ न्या. एका चाकातून भट्टीसारखी धग येत असेल, जळका वास येत असेल, तर तिथला कॅलिपर (ब्रेकपॅड दाबणारा भाग) चिकटलाय किंवा हँडब्रेकची केबल परत येत नाहीये. इंजिन बिचारं पूर्ण ताकद देत असतं आणि ती ब्रेकपॅड खात असतो. जुन्या गाड्यांत हे इतक्या वेळा निघतं, की बॉनेट उघडायच्या आधी मी चाकं बघतो.

क्लचची परीक्षा: मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये पन्नासच्या आसपास चला आणि पेडल पूर्ण दाबा. काटा झपकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लचप्लेट घसरतेय. "आवाज चढतो, वेग नाही" या लक्षणाचं उत्तर बहुतेक इथेच मिळतं. ऑटोमॅटिक गाडीत असंच होत असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल आणि आतलं काम बघावं लागेल. ते घरचं काम नाही.

पायाखाली वाकून बघा, पायपुसणं पेडलखाली अडकलंय का. हसू नका, अडकलेलं असतं. केबलचा थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) असलेल्या जुन्या गाडीत इंजिन बंद ठेवून कुणालातरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटलची चकती पूर्ण उघडते का ते बघा. केबल ताणली गेली की चकती पाऊण उघडून थांबते. मालकाला वाटतं इंजिन गेलं.

तापमानाचा काटा वीस मिनिटांनंतरही खालीच राहतो का? थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप, उघडा अडकला की इंजिन थंडच चालतं. कॉम्प्युटरला वाटतं अजून गरम व्हायचंय, म्हणून तो इंधन जास्त सोडत राहतो. ओढ कमी, मायलेज कमी, प्लग काळे. उलट काटा लाल पट्ट्याकडे जात असेल तर तपासणी तिथेच थांबवा आणि इंजिन बंद करा.

एअर फिल्टर

काढा आणि उजेडासमोर धरा. घड्यांतून उजेड दिसला पाहिजे. हवेने झटकून पुन्हा बसवायची सवय अनेकांना असते, पण जोराच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात आणि तिथून गेलेली धूळ थेट रिंगांवर काम करते. नवाच टाका.

फिल्टर तुंबला की मायलेज मरतं, असा सरसकट समज आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये चाचण्या केल्या, तेव्हा आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत मायलेजवर लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही, पण वेग घेण्याची क्षमता मात्र ६ ते ११ टक्क्यांनी बदलली. यामागचं कारण साधं आहे. हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. प्रमाण बरोबर राहतं, जोर मात्र घटतो. त्यामुळे "मायलेज तर ठीक आहे" म्हणून फिल्टरला निर्दोष सोडू नका.

फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं आहे का तेही बघा. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत असतं.

स्कॅनर लावा, दिवा नसला तरी

अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचायचं, सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं, आणि तेच आता सगळीकडे दिसतं. ते स्टिअरिंगखाली असतं. मोबाईलला जोडणारा साधा स्कॅनर पुरतो. मात्र कोड वाचून त्या नावाचा सुटा भाग विकत आणणं हा या कामातला सगळ्यात महागडा शॉर्टकट आहे. कोड म्हणजे तक्रार. आरोपी अजून सापडायचा असतो.

पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. ते एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरने सांगितलं, म्हणून तो बदलायचा नसतो. त्याने खरं ते सांगितलेलं असतं. इथे फ्युएल ट्रिम कामाला येतो. कॉम्प्युटर ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कमी करतोय, तो हा आकडा. लाँग टर्म ट्रिम शून्याच्या आसपास, पाच टक्क्यांच्या आत असेल तर झकास. दहाच्या वर गेला की शोध सुरू.

आता तोच आकडा दोनदा वाचा: एकदा आयडलवर (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना), एकदा अडीच हजार आरपीएमवर.

आयडलवर तो अधिक वीस आणि रेस दिल्यावर खाली, तर कुठूनतरी चोरून हवा आत येतेय. भेग पडलेली व्हॅक्यूम नळी, सुकलेली गॅस्केट, सैल क्लिप. आयडलवर इंजिन मुळात कमी हवा घेतं, त्यामुळे थोडीशी चोरीही मोठी दिसते. रेस दिली की ती एकूण हवेत बुडून जाते. बॉनेट उघडून शांतपणे ऐका, बारीक शीळ ऐकू येते. गळती शोधायला गरम इंजिनावर पेटणारा स्प्रे मारू नका. गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधायचं यंत्र असतं, ते सुरक्षित.

आयडलवर ठीक आणि भार पडला की वाढत जातो, तर इंधन पुरत नाहीये, किंवा हवा मोजणारा मॅफ सेन्सर कमी आकडा सांगतोय. सेन्सरची तार मळली की असं होतं. त्यासाठीचा खास क्लीनर मिळतो. ब्रेक क्लीनर वापरू नका, तारेला बोट किंवा कापूस लावू नका, आणि पूर्ण सुकल्यावरच बसवा.

दोन्हीकडे ट्रिम व्यवस्थित आणि तरी गाडी ओढत नाही? मग मिश्रण ठीक आहे, पण इंजिनाला श्वासच कमी मिळतोय. फिल्टर बघून झालाय. आता संशय एक्झॉस्ट, टायमिंग (व्हॉल्व्ह योग्य क्षणी उघडणं-मिटणं) आणि कंप्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते) यांवर.

चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर यातलं काहीच करत बसू नका. मोठं मिसिंग चालू आहे आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. गाडी बाजूला घ्या.

प्लग आणि कॉइल

इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढा. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना आटे निघून येतात, आणि मग प्लगच्या किमतीचं काम हेडच्या किमतीचं होतं. काढण्याआधी भोवतालची धूळ हवेने उडवा. साधे प्लग ३०-४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर छान. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरं, फोड आल्यासारखं म्हणजे तो सिलिंडर जास्त तापतोय. तीन प्लग तपकिरी आणि एकच वेगळा असेल, तर दुखणं एका सिलिंडरचं आहे हे तिथेच कळतं.

प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल तपासायला पैसे लागत नाहीत. समजा पी ०३०२ आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, चालवून बघा. आता पी ०३०३ आला तर कॉइल गेली. पी ०३०२ च आला तर कॉइल निर्दोष. प्लग, इंजेक्टर किंवा कंप्रेशन बघा.

थ्रॉटल बॉडीवरचा काळा थर साफ केला तर आयडल सुधारतं, पहिला प्रतिसाद सुधारतो. पूर्ण पेडलवरची ताकद त्याने फारशी परत येत नाही, त्यामुळे फार आशा ठेवू नका. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटाने ढकलू नका.

इंधन: इथून पुढे हात आवरा

साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पंपाचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो. पंप थकला किंवा फिल्टर तुंबला की रहदारीत काही कळत नाही, पूर्ण पेडलवर मात्र पेट्रोल पुरत नाही. लांबच्या चढावर दम सुटण्यामागे पुष्कळदा हेच असतं. खात्री गेज लावूनच होते, आणि दाबाखालचं पेट्रोल गरम इंजिनावर उडालं तर आग लागते. हे मेकॅनिककडून करून घ्या. डिझेलच्या कॉमन रेलला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीला, तर हातच लावू नका. तिथे दाब हजार बारच्या वर असतो, बारीक फवाराही कातडीत घुसतो. डिझेलवाल्यांनी घरी करायचं ते एवढंच: फिल्टर वेळेवर बदला आणि त्यातलं पाणी काढा.

टर्बोची गाडी असेल तर इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) पाइप हाताने चाचपून बघा, अर्थात इंजिन बंद आणि थंड असताना. क्लिप सैल आहे का, रबरी पाइपच्या खालच्या बाजूला चीर आहे का. रेस दिल्यावर फुस्स आवाज, काळा धूर आणि पी ०२९९ (टर्बोचा दाब कमी) असे तिघं एकत्र आले की बहुतेक पाइपच फाटलेला असतो. टर्बो बदलायचा सल्ला त्यानंतरच ऐका.

एक्झॉस्ट तुंबलंय का

"मागून कुणी धरून ठेवलंय" हे लक्षण असलेल्यांनी इकडे लक्ष द्या. कन्व्हर्टरच्या आतली जाळी वितळली किंवा तुटून आडवी झाली की धूर बाहेर पडत नाही, आणि जुना धूर बाहेर गेल्याशिवाय नवी हवा आत येत नाही. गाडी थंड असताना कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकं टकटक करा. आत खुळखुळलं तर जाळी तुटलीय. नक्की निदान गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात दाबाचं गेज लावून होतं. अडीच हजार आरपीएमवर तीन पीएसआयच्या वर दाब गेला तर अडथळा आहे.

कन्व्हर्टर सहसा आपण होऊन मरत नाही. त्याला मिसिंग मारतं, नाहीतर जळणारं ऑइल. कारण न शोधता नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

कंप्रेशन: वयाचा निकाल इथे लागतो

इथवर काहीच सापडलं नाही, तर आता इंजिनावर संशय घ्यायला हरकत नाही. ही चाचणी अनुभवी माणसाकडून करून घ्या, पण समोर उभे राहा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि स्पार्क बंद, बॅटरी पूर्ण चार्ज, आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. शेवटची अट महत्त्वाची. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर चारही आकडे कमी येतात आणि धडधाकट इंजिनाचं काम निघतं.

पेट्रोल इंजिनाचे आकडे साधारण १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान असतात. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. त्याहून महत्त्वाचा असतो सिलिंडरांमधला फरक. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा.

समजा आकडे आले १७५, १७०, ९०, १७२. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा दीडशेवर गेला तर रिंगा झिजल्यात. ऑइलने ती फट तात्पुरती भरली. ९० च राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. ज्या इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) हाताने सेट करायचे असतात, तिथे आधी टॅपेटचं अंतर बघा. ते कमी झालं की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि सेटिंगवर काम भागू शकतं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आले तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट संशयित.

चारही सारखेच कमी, म्हणजे १२०, १२५, १२०, १२२ असे आले तर? एकसारखी झीज असू शकते, आणि तीच खऱ्या अर्थाने वयाने गेलेली ताकद. पण टायमिंग बेल्ट एक दात सरकला तरी आकडे असेच येतात. त्यामुळे इंजिन उतरवायला होकार देण्याआधी टायमिंगच्या खुणा जुळताहेत का ते विचारा. त्या जुळत नसतील तर गाडी पुन्हा सुरूही करू नका. बऱ्याच इंजिनांत बेल्ट सुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

खुणा जुळल्या तर लीकडाउन चाचणी मागा. सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून आवाज आला तर रिंगा. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या वाटेने आला तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. दहा टक्क्यांपर्यंतची गळती चालून जाते. वीसच्या वर गेली तर इंजिनाचं काम खरंच निघालंय.

या अवस्थेत घरी काहीही करू नका

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई, कूलंट न गळता कमी होणं, ऑइलचा लाल दिवा, आतून ठकठक, सुरू करताना टायमिंग चेनचा खडखडाट, पेट्रोलचा वास. यातलं एकही असेल तर गाडी चालवत न नेता टोइंगने न्या. आणि गॅरेजमध्ये "पिकअप नाही" एवढंच सांगू नका. ४० ते ८० चे सेकंद, दोन्ही ठिकाणचे ट्रिम, आलेले कोड आणि आतापर्यंत काय काय बदललं, हे कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.